दरोडेखोर माशी आणि तिचें छायाचित्र

दरोडेखोर माशीच्या वांट्यास पहिल्याच दिवशीं परकें नांव आलें. १७५८ सालीं लिनीयसनें आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत तिला ‘असायलस’ म्हटलें. परंतु व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्यांत हा शब्द गुरांना पिसाळून सोडणाऱ्या गोमाशीसाठीं आला आहे. वस्तुतः ही माशी गुरांच्या वाटेस जात नाहीं. काटकीच्या टोंकावर ती दबा धरून बसते, उडत्या कीटकावर झडप घालते, आणि सोंडेनें त्याच्या अंगांत विष सोडून आंतील द्रव शोषून घेते.

कुलापुरती तिची ओळख कठीण नाहीं. दोन टपोऱ्या डोळ्यांच्या मध्यें माथ्यावर खोलगट खांच आणि तोंडावर राठ केसांची मिशी, एवढें दिसलें म्हणजे पुरे. आणि तें कोणत्याही बऱ्याशा छायाचित्रांत दिसतें. खरी अडचण त्यापुढें आहे. या कुलांत ७,००० हून अधिक जाती नोंदलेल्या असून, परस्परांशीं जवळच्या पुष्कळ जाती नराच्या जननेंद्रियांच्या घडणीवरूनच वेगळ्या करतां येतात. ही घडण सूक्ष्मदर्शकाखालींच तपासावी लागते. तेथें सुरेख चित्रही मुकें होतें.

या कुलाला १८०२ सालीं स्वतंत्र स्थान देणारा फ्रेंच पंडित लात्रेय हा मूळचा पाद्री. राज्यक्रांतीच्या धामधुमींत तो बोर्दो येथील तुरुंगांत पडला असतां, कोठडींत सांपडलेला एक दुर्मिळ भुंगेरा त्यानें अचूक ओळखला, आणि त्या ओळखीपायींच त्याची सुटका झाली. कीटकाच्या ओळखीनें पंडिताचे प्राण वांचल्याचें दुसरें उदाहरण आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. पण तो भुंगेरा प्रत्यक्ष समोर होता, हें विसरतां कामा नये.

नमुना हातीं नसतां नवें नांव द्यावें काय, हा वाद २०१५ सालीं पेटला. मार्शल आणि एव्हेनहुइस या दोघां तज्ज्ञांनीं दक्षिण आफ्रिकेंतील, लांकूड पोखरणाऱ्या भुंग्याचें सोंग घेणाऱ्या एका माशीला केवळ छायाचित्रांवरून ‘मार्लेयिमिया झायलोकोपी’ हें नांव दिलें. ही दरोडेखोर माशी नव्हे, तिच्या नात्यांतल्या दुसऱ्या कुलांतली. पुढल्याच वर्षीं सुमारें ५०० वर्गीकरणतज्ज्ञांनीं या पद्धतीविरुद्ध सह्या केल्या. २०१७ सालीं प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें ती निषिद्ध ठरविली नाहीं; मात्र नमुना कां जतन केला नाहीं याचें सविस्तर समर्थन द्यावें, अशी शिफारस केली.

आम्हांस त्याआधींचें एक उदाहरण अधिक भावतें. मलेशियांतील एका नाजुक जाळपंखी कीटकाचें छायाचित्र पाहून तो नवा आहे हें एका तज्ज्ञानें ताडलें, पण नांवाची घाई केली नाहीं. छायाचित्रकार पुन्हां त्या रानांत जाऊन नमुना घेऊन आला, आणि मगच २०१२ सालीं ‘सेमाक्रायसा जेड’ हें नांव प्रसिद्ध झालें. दरोडेखोर माशीच्या चित्राखालीं कुल किंवा गण लिहून जातीची जागा रिकामी ठेवणाऱ्यास आम्ही त्याच पंक्तीला बसवूं.

मात्र छायाचित्राला तुच्छ लेखण्याचेंही कारण नाहीं. ऑक्सफर्डच्या पौल्टननें १९०६ सालीं भक्षक कीटक आणि त्यांचें भक्ष्य यांवर निबंध लिहिला, तेव्हां शिकारी आणि शिकार जोडीनें टाचून ठेवलेले नमुने त्याला गोळा करावे लागले. बहुतेक संग्राहकांनीं माशी ठेवली आणि शिकार फेंकून दिली होती. आज सोंडेवर मधमाशी अडकलेली दरोडेखोर माशी एका चित्रांत जशीच्या तशी मिळते, आणि फांदीवर ती कशी बसली होती हेंही त्यांत दिसतें.