स्पॅनियल पिल्ले : आरोग्य व उपचार (सावेडी, अहिल्यानगर)

लोंबत्या कानांच्या, दाट केसांच्या शिकारी कुत्र्यांच्या एका गटाला स्पॅनियल म्हणतात. झुडपात दडलेले पाखरू उठवून देणे हे त्यांचे मूळ काम. ‘कॉकर’ हे नाव वुडकॉक या पक्ष्यावरून आले. आपल्याकडे स्पॅनियल म्हणून घरात येतो तो बहुधा इंग्लिश कॉकर. पूर्ण वाढ झाल्यावर त्याचे वजन साधारण १३ ते १५ किलो भरते.

सावेडी हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराचे मनमाड रस्त्यालगत वाढलेले उपनगर. भोवतालचा जिल्हा संकरित गाईंचा आणि दुधाचा. ‘जनावरांचा डॉक्टर’ म्हटले की डोळ्यांपुढे गोठा उभा राहतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भरही पशुधनावरच असतो. पशुवैद्यक महाविद्यालये गाठायची तर साताऱ्याकडचे शिरवळ किंवा १८८६ साली सुरू झालेले मुंबईतील परळचे, म्हणजे दोन्ही लांब. कुत्र्यांसाठी लोक खासगी दवाखान्यात जातात. मात्र गोठ्यातले औषध त्याहून जवळ असते आणि पिल्लांना खरा धोका तिथेच आहे.

*गुरांची औषधे.* गोचीड-जंतांसाठी गुरांना टोचतात त्या एक टक्का आयव्हरमेक्टिनचा हिशेब ५० किलो वजनाला १ मिलिलिटर असा आहे. तीन किलोच्या पिल्लाला त्याच दराने ०.०६ मिलिलिटर पडेल, म्हणजे जेमतेम एक थेंब. ‘थोडेसेच दिले’ म्हणणाऱ्याच्या सिरिंजमध्ये मात्रा त्या एका थेंबावर थांबत नाही. मात्रा वाढली की पिल्लू झोकांड्या खाते, लाळ गाळते, त्याला डोळ्यांनी दिसेनासे होते आणि ते बेशुद्धही पडते. कुत्र्यातील हृदयकृमी रोखायला लागणारी मात्रा तर किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे गुरांच्या मात्रेच्या तिसाव्या भागाहूनही कमी. खरजेवर डॉक्टर जास्त मात्रा वापरतात, पण वजन करून आणि लक्ष ठेवून. गोठ्यात फवारायचे गोचीडनाशक अंगाला चोळले तर पिल्लू ते चाटते, हेही ध्यानात घ्यावे.

घरातल्या डब्यातली औषधेही तितकीच घातक. पिल्लाचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे अंगाला हात लावून ‘ताप आहे’ असे वाटते आणि पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. ती कुत्र्याला विषारी ठरू शकते. आयब्युप्रोफेन त्याहून वाईट.

*कान.* कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरते आणि मग आत वळते. स्पॅनियलमध्ये तिच्यावर केसाळ, जड पाळीचे झाकण असते. आत ओल आणि ऊब टिकते, मग बुरशी व जिवाणू वाढतात. डोके झटकणे, कान खाजवणे, तपकिरी मळ आणि आंबूस वास ही लक्षणे. दुर्लक्ष झाले तर संसर्ग मधल्या कानापर्यंत जातो. सारखे झटकून पाळीत रक्त साकळते ते वेगळेच. आपल्याकडचा कोमट तेल घालण्याचा उपाय इथे उलटा पडतो, कारण तेलाने ओल आतच कोंडते. डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावाने आठवड्यातून एकदा कान पुसावेत, काडी आत घालू नये, पाळीखालचे केस कातरावेत, अंघोळीनंतर कान नीट कोरडे करावेत. खाण्याचे भांडे अरुंद तोंडाचे व खोल घेतले की कान बाहेर राहतात.

पावसाळा सरला की यात कुसळांची भर पडते. नगरकडच्या माळरानावरचे कुसळी गवत वाळले की त्याची कुसळे पिल्लाच्या केसांत अडकतात. कुसळाची रचनाच अशी की ते पुढे सरकते, मागे येत नाही. कानात, डोळ्यात, बोटांच्या बेचक्यात ते शिरते. कानाचा पडदाही फोडू शकते. फिरून आल्यावर पिल्लू अचानक एकाच बाजूला डोके झटकू लागले तर त्याच दिवशी दाखवावे. बहुतेकदा गुंगी देऊन चिमट्याने ते काढावे लागते. माळावरून घरी आल्यावर फणी फिरवणे हा स्पॅनियल पाळण्यातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग.

*लसी व जंत.* डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ, लेप्टो वगैरेंची एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते. दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस; शेवटचा १६ आठवड्यांच्या आधीचा नसावा. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये लस निष्प्रभ करतात आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, म्हणून ही पुनरावृत्ती. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. लसीच्या कार्डावर कुपीवरची चिठ्ठी चिकटवलेली आहे का, ते पाहावे. लोक ज्याला ‘गॅस्ट्रो’ म्हणतात तो उलट्या व रक्ताच्या दुर्गंधी जुलाबांचा आजार अनेकदा पार्व्होच असतो. त्यात दिवसभरात पिल्लू कोरडे पडते आणि सलाइनला उशीर परवडत नाही. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाइलला दाद देत नाही. ब्लीचचा एक भाग ३० भाग पाण्यात मिसळून फरशी पुसावी लागते.

जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, आठ आठवड्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा. गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लात येतात, आणि पिल्लाच्या शीतून घरातल्या मुलांपर्यंतही पोहोचतात.

*गोचीडताप.* तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत राहते, म्हणून पिल्लाइतकेच घरही स्वच्छ करावे लागते. तिच्यामुळे एर्लिकिया व बॅबेसिया हे रक्तातले रोग होतात. ताप, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त दिसले की रक्ततपासणी करावी. स्पॅनियलमध्ये गोचीड कानाच्या पाळीआड आणि बोटांत लपते.

*आहार.* दूध-पोळीवर पिल्लू जगते, पण दुधातली साखर न पचून अनेकांना जुलाब होतात. कांदा आणि बेदाणे वर्ज्य.

*आनुवंशिक दोष.* कॉकरमध्ये दृष्टिपटलाचा ऱ्हास होऊन अंधत्व येणे आणि पहिल्या दोन वर्षांत मूत्रपिंडे निकामी होणे असे दोन दोष आढळतात. दोन्हींसाठी जनुकचाचणी आहे. विकणाऱ्याकडे आई-बापाचा अहवाल मागावा. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गाठ दिसली तर ती ‘चेरी आय’. कापून न टाकता आत बसवून घ्यावी.

*कायदा.* २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. दिसण्यासाठी शेपूट छाटण्याची जुनी रीत १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते.