‘काय होतंय तुम्हाला?’

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवसांसाठी पुण्याला आमच्याकडे आली, ती पिशवीत चकल्यांच्या डब्याबरोबर पत्त्यांएवढ्या कागदांची एक चळत घेऊन. वसुबारसेची संध्याकाळ होती. मी पडवीत आकाशकंदिलाच्या काड्या जुळवीत बसलो होतो. त्या चळतीतला एक कागद माझ्या हाती देऊन ती म्हणाली, "मामा, आता पाच मिनिटे तुम्ही आजारी आहात. इंग्लंडातले म्हातारे गृहस्थ. नुकतेच वॉर्डात दाखल झालात. मी तुमची नर्स."

ती मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. चार वर्षांची पदवी झाली, रात्रपाळ्याही पुष्कळ झाल्या. आता विलायतेत नोकरी करायचे तिच्या मनात होते. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ‘ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट’ असे तिचे नाव. बाहेरदेशांतून येणाऱ्या डॉक्टरांना आणि नर्सांना कामापुरते इंग्रजी येते की नाही हे पाहण्यासाठी ती १९८०-९० या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियात तयार झाली, आणि २०१७ साली ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलनेही ती मान्य केली. तिच्यात निबंध नाही, की म्हणींचा अर्थ सांगा नाही. परीक्षक रोगी होतो, उमेदवार नर्स होते आणि पाच मिनिटांचे नाटक वठवायचे. असे दोनदा. आमच्या वेळच्या मॅट्रिकच्या इंग्रजीत असा रोगी कोणी केला असता, तर पुष्कळ मुले पास झाली असती!

मी काड्या बाजूला ठेवल्या आणि आरामखुर्चीत जमेल तितके इंग्रजी कण्हत पडलो. तिने नाव विचारले, जन्मतारीख विचारली, औषधे कोणती चालू आहेत, कशाने अंगावर पुरळ उठते का, पेनिसिलिन सोसते का, कवळी आहे का, घरचे जवळचे माणूस कोण, सारे झरझर विचारले. मग म्हणाली, "आर यू इन पेन?" खानदानी इंग्रज काय म्हणेल याचा मी विचार केला आणि उत्तर दिले, "नॉट टू बॅड, थँक यू." तिने ‘नाही’वर खूण केली आणि ती पुढे गेली.

खेळ संपल्यावर तिने माझा कागद उलटून पाहिला. त्यावर लिहिले होते, ‘सकाळपासून छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते आहे, नीट विचारल्याशिवाय सांगू नये.’ तिने कपाळाला हात लावला. "मामा, मारलेच की मी तुम्हाला!"

माझा जन्म इतिहास शिकवण्यात गेला. त्यामुळे मेल्यावरही मला आधी सनावळी आठवते. मी तिला म्हटले, "तुझी चूक दीडशे वर्षांहून जुनी आहे. तुझ्या आद्य गुरूनेच ती लिहून ठेवली आहे."

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असते: हातात दिवा, मागे स्कुटारीची १८५४ सालची लष्करी इस्पितळे. त्या दिव्याने बाईंवर थोडा अन्यायच केला आहे असे मला वाटते. दिवा कोणीही धरील. बाईंची खरी करामत आकड्यांत आणि प्रश्नांत होती. १८५९ च्या अखेरीस त्यांनी शुश्रूषेवर एक लहानसे पुस्तक काढले. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळातली त्यांची शाळा निघाली ती पुढच्या वर्षी. त्या पुस्तकात रोग्याचे निरीक्षण कसे करावे यावर एक प्रकरण आहे, आणि त्यात बाई एका अगदी साध्या प्रश्नावर तुटून पडल्या आहेत: ‘रात्र बरी गेली का?’

या प्रश्नात वाईट ते काय, असे आपल्याला वाटेल. बाईंचे म्हणणे असे की, याचे उत्तर रोग्याच्या रात्रीवर नव्हे, तर रोग्याच्या स्वभावावर अवलंबून असते. एकाला दहा तास सलग झोप लागली नाही, की त्याची रात्र वाईट. दुसरा अधूनमधून नुसती डुलकी लागली तरी ‘ठीक’ म्हणतो. दोन रोग्यांबद्दल अगदी एकच उत्तर मिळाल्याचे त्यांनी नोंदवले आहे. त्यांपैकी एकाला रोजच्यासारखी अखंड झोप लागली नव्हती, एवढेच. दुसरा पाच दिवस आणि पाच रात्री मुळीच झोपला नव्हता, आणि तो त्यानेच मेला. म्हणून प्रश्न असा हवा: किती तास झोपलात, आणि रात्री कोणत्या वेळी? उत्तर ज्यात आधीच भरवलेले आहे असा प्रश्न विचारू नये. बाईंचा कटाक्ष व्याकरणावर नव्हता. त्या काळच्या इंग्रज रोग्याची आणि इंग्रज नर्सची भाषा एकच होती. एक भाषा असूनही माणसे अशी मरत, हे त्यांना सांगायचे होते.

आपल्या मुंबईत भाषाही एक नव्हती. जमशेटजी जिजीभाईंच्या नावाचे इस्पितळ १८४५ साली सुरू झाले. डॉक्टरी शिक्षण इंग्रजीत, सिस्टर विलायतेतून आलेल्या, आणि खाटेवर पडलेला माणूस कोकणातला, घाटावरचा, काठेवाडातला. बायकांची तर आणखी पंचाईत. पुरुष डॉक्टरपुढे दुखणे उच्चारायचे कसे? १८८६ साली कामा इस्पितळ उघडले ते याच अडचणीपायी. तिथे रोगी बायका आणि तपासणाऱ्याही बायका. पहिल्या प्रमुख डॉक्टर एडिथ पीची १८८३ साली इंग्लंडहून आल्या होत्या. लाजेची भिंत त्यामुळे पडली, भाषेची उरली.

आणि विचारणेच सोडून दिले म्हणजे काय होते, ते दहा वर्षांनी दिसले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने रोगी हुडकून इस्पितळात हलवण्याचा सपाटा लावला. ‘काय होतंय?’ असे विचारण्याऐवजी काखा आणि जांघा चाचपून गाठी शोधल्या जाऊ लागल्या. आत गेलेले माणूस परत येत नाही, त्याला तिथे मारतातच, अशी हूल उठली. त्या ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. पुण्यात पुढच्या वर्षी गोरे शिपाई घरात शिरले, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, ही हकीकत वाचकांना ठाऊकच आहे. रँडच्या क्रौर्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यात एक साधी गोष्ट दिसते. दाखल होणाऱ्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलणारे माणूस दाराशी उभे असते, तर त्या भीतीला थोडा तरी उतार पडला असता. तसे एक माणूस पुण्याजवळ होते. सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या दवाखान्यात रोगी आणीत होत्या. त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

असे माणूस तयार करण्याचे काम रमाबाई रानड्यांनी मनावर घेतले. १९०९ साली पुण्याचे सेवासदन निघाले, आणि तिथल्या स्त्रिया, पुष्कळशा विधवा, ससून इस्पितळात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्याचे अंग पुसायचे, शौचाचे भांडे उचलायचे. चांगल्या घरच्या बाईने हे करावे? असे म्हणणारे कमी नव्हते. रमाबाईंना ते नवे नव्हते. स्वतः इंग्रजी शिकताना घरातल्या बायकांची बोलणी त्यांनी किती खाल्ली, हे त्यांच्या आठवणींत आहेच.

या बाया शिकल्या आणि आपल्या इस्पितळांत एक चमत्कारिक दुभाषेपणा सुरू झाला. तो अजून चालू आहे. नर्स विचारते मराठीत आणि केसपेपरवर लिहिते इंग्रजीत. खाटेवरची आजीबाई सांगते, "पोटात मुरडा मारतोय." कागदावर उतरते, ‘पेन इन ॲब्डॉमेन’. कोणी म्हणतो कळ येते, कोणी चमक निघते, कोणाचे ठसठसते, कोणाचे ठणकते, कोणाला सणक येते, कोणाला नुसते दडपल्यासारखे होते. कागदावर सगळ्यांचे एकच, ‘पेन’. एवढी श्रीमंत भाषा दारात येते आणि आत जाताना तिचे सगळे दागिने उतरवून घेतात.

इंग्रजी मुळात गरीब आहे असे मात्र नव्हे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखण्याची ७८ विशेषणे २० गटांत मांडलेली आहेत. धनत्रयोदशीला करंज्यांना मुरड घालता घालता भाचीने आणि मी त्यांच्या जोड्या लावल्या. ‘थ्रॉबिंग’ म्हणजे ठसठस. ‘शूटिंग’ म्हणजे सणक. ‘क्रॅम्पिंग’ला मुरडा, ‘ग्नॉइंग’ला कुरतडणे, ‘बर्निंग’ला आग. ‘क्रशिंग’पाशी ती थांबली. "छातीवर कोणी बसल्यासारखे," ती म्हणाली. "मामा, परवा तुम्हाला हेच होत होते. मी ‘पेन’ विचारले. तुम्हाला पेन नव्हतीच, तुम्हाला ओझे होते!"

खरोखरच हृदयाचे दुखणे घेऊन आलेली पुष्कळ माणसे ‘दुखत नाही, जड वाटते’ असे सांगतात, हे तिने वॉर्डात पाहिलेले होते. मराठीत तिने ते कधीच निसटू दिले नसते.

इंग्लंडात ५ जुलै १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि नर्सांचा तुटवडा पडला. तेव्हापासून आयर्लंड, वेस्ट इंडीज, फिलिपाइन्स, आणि आपले केरळ, अशा ठिकठिकाणच्या मुली तिथल्या खाटांपाशी उभ्या राहिल्या. प्लेगच्या काळचे चित्र उलटे झाले: आता खाटेवर इंग्रज, आणि भाषा चाचपडणारी नर्स आपली. गंमत अशी, की तिला अडते ते पुस्तकी इंग्रजीवाचून नव्हे. ‘हायपरटेन्शन’ तिला झोपेतही येते. अडते ते म्हाताऱ्यांच्या घरगुती बोलीपाशी. कोणी म्हणते, मला ‘स्पेंड अ पेनी’ करायचे आहे. नवखी मुलगी पैशाचे पाकीट शोधू लागते, आणि म्हातारीला जायचे असते लघवीला. पूर्वी सार्वजनिक शौचकूपाचे दार एक पेनी टाकल्याशिवाय उघडत नसे, त्याची ही आठवण. ‘वॉटरवर्क्स’चा त्रास म्हणजे नळाचा नव्हे, लघवीचाच. ‘फनी टर्न’ आली म्हणणाऱ्याला हसू आलेले नसते, भोवळ आलेली असते. आणि ‘नॉट टू बॅड’ म्हणजे काय, ते मी आरामखुर्चीत पडून सिद्ध केलेच होते. आपल्याकडे प्रत्येक नर्स ‘सिस्टर’. तिथे सिस्टर म्हणजे वॉर्डाची मुख्य, तेव्हा पहिल्याच दिवशी स्वतःला सिस्टर म्हणवून घेतले तर तीही पंचाईत.

पण सगळेच असे हसण्यावारी जात नाही. अमेरिकेत फ्लोरिडात १९८० साली अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध स्थितीत इस्पितळात आणले. घरचे क्यूबातले, स्पॅनिश बोलणारे. त्यांनी एक शब्द सांगितला, ‘इन्टॉक्सिकाडो’. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले. इस्पितळाने तो इंग्रजी ‘इन्टॉक्सिकेटेड’सारखा ऐकला आणि मुलाने मादक द्रव्य घेतले असे समजून उपचार चालवले. मेंदूत रक्तस्राव होत होता, तो वेळेवर कळला नाही. मुलाचे हातपाय कायमचे गेले. पुढे दाव्यात सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरांची तडजोड झाली. तिथे दुभाष्या कोणी बोलावलाच नाही, कारण शब्द समजला असेच सर्वांना वाटत होते. न समजलेला शब्द निदान पुन्हा विचारला तरी जातो.

ही हकीकत मी सांगितली तेव्हा भाची बराच वेळ गप्प होती. मग तिनेच मला एक सांगितली. २०१३ साली केट ग्रेंजर नावाची इंग्रज डॉक्टर, स्वतः कर्करोगाने आजारी, इस्पितळात दाखल झाली. तिच्या ध्यानात आले की, तपासायला येणाऱ्यांपैकी फारच थोडे आपले नाव सांगतात. तिला खाटेवरून हलवणाऱ्या हमालाने मात्र आधी आपले नाव सांगितले होते. तिने एक मोहीम सुरू केली, आणि मोहिमेचे नाव एवढेच, ‘हॅलो, माय नेम इज’. ती २०१६ साली वारली. तिचे वाक्य तिथल्या नर्सांच्या बिल्ल्यांवर उरले आहे.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आणि फराळ झाल्यावर आमचे नाटक पुन्हा उभे राहिले. या वेळी भाची स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, नाव सांगितले, आणि घाई न करता म्हणाली, आज सकाळपासून कसे वाटते आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. मी मांजराचे सांगितले, शेजारणीचे सांगितले, आणि पाचव्या वाक्याला छातीवरचे ओझे माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडले. टाळी वाजवली ती माझ्या आईने. ती ऐंशी ओलांडलेली. इंग्रजीचे अक्षर तिला कळत नाही, पण तिन्ही दिवस झोपाळ्यावर बसून ती सगळे पाहत होती.

"माझाही घे की गं इंटरव्यू," ती म्हणाली.

भाचीने हसत हसत स्टूल तिच्याकडे वळवले. "आजी, काल रात्री किती वाजता झोपलीस, आणि जाग किती वाजता आली?"

रोज सकाळी मी आईला विचारतो, ‘झोप लागली ना?’ आणि ती रोज ‘हो’ म्हणते.

"झोपले दहाला," आई म्हणाली. "एकला उठून बसले. आडवी झाले की कोंडल्यासारखे होते. मग बसूनच असते उजाडेपर्यंत."

"किती दिवस असे?"

"झाले की पंधरा दिवस."

"उशा किती घेतेस?"

"आधी एक घ्यायची. आता तीन."

भाचीच्या चेहऱ्यावरचे हसू गेले होते. तिने आजीच्या पायावरचे लुगडे वर केले, घोट्यापाशी अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खळगा पडला होता, आणि तो लवकर भरून येईना.

"मामा, रिक्षा बोलवा," ती म्हणाली.