नसलेल्या पायाची कळ

आमच्या बालपणी बेळगावात आमच्या घरासमोर एक निवृत्त सुभेदार राहत असत. १९७१ च्या युद्धात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. पुण्यास १९४४ साली स्थापन झालेल्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना नवा पाय मिळाला, आणि तो चढवून ते रोज सकाळी कँपापर्यंत फिरून येत. रात्री मात्र पाय काढून कोपऱ्यात उभा केला, की काही वेळाने त्यांना उजव्या अंगठ्यात कळ येई. कोणी तरी अंगठा पिरगाळीत आहे असे ते सांगत. अंगठा तर रणभूमीवर राहिलेला. मग काकू खाटेच्या कडेला बसून, जिथे पाय असावयास हवा होता तिथल्या मोकळ्या जागेवर हळूहळू हात फिरवीत. आम्हां मुलांना याचे हसू येई. वडीलधारी मंडळी हसत नसत, पण 'भ्रम आहे' असे म्हणत.

हा 'भ्रम' वैद्यकाच्या ग्रंथांत किमान पावणेपाचशे वर्षे नोंदला गेलेला आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. तो इतिहास वाचताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. रुग्ण प्रत्येक शतकात जवळजवळ तेच सांगत आला. बदलत गेले ते ऐकणाऱ्याचे कान.

आपल्याकडील जुन्या वाङ्मयात तुटलेल्या पायाचा उल्लेख ऋग्वेदाइतका मागे जातो. पहिल्या मंडलातील अश्विनांच्या सूक्तात विश्पलेची कथा येते: युद्धात तिचा पाय तुटला आणि अश्विनांनी तिला लोखंडी पाय दिला. नव्या पायाने ती चालू लागली. जुना पाय रात्री दुखत होता की काय, हे सूक्तकाराने सांगितलेले नाही.

ते प्रथम नोंदले फ्रान्सच्या आंब्रोआज पारे या शल्यकाराने, सोळाव्या शतकाच्या मध्यास. पारे लष्करासोबत हिंडणारा, लॅटिन न शिकलेला, न्हाव्यांच्या परंपरेतून आलेला शल्यकार होता. बंदुकीच्या जखमांवर उकळते तेल ओतण्याची तत्कालीन रीत त्याने सोडली आणि अवयव कापल्यावर रक्तवाहिन्या डागण्याऐवजी दोऱ्याने बांधण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे त्याचे रुग्ण जगत, आणि जगले म्हणूनच पुढे तक्रार करू शकत. कापलेल्या भागात कित्येक दिवसांनीही वेदना होतात असे ते सांगतात, हे त्याने लिहून ठेवले. ज्याने ते पाहिले-ऐकले नाही त्याला हे खरे वाटणार नाही, हेही सांगितले. विद्यापीठीय पांडित्य नसलेल्या या माणसाने रुग्णाच्या शब्दावर अविश्वास दाखविला नाही, हे आम्हांला विशेष वाटते.

रने देकार्तने १६४४ च्या आपल्या तत्त्वज्ञानविषयक ग्रंथात एका मुलीची हकीकत दिली आहे. हाताला जबर रोग झालेला; वैद्य येई तेव्हा तिचे डोळे बांधीत. हात सडू लागल्यावर तो कोपरापर्यंत कापला आणि तिला कळू नये म्हणून त्या जागी कापडाच्या गुंडाळ्या बांधल्या. ती मात्र नसलेल्या हाताचे कधी हे, कधी ते बोट दुखते असे सांगत राहिली. देकार्तचा निष्कर्ष असा की वेदना बोटात नसून मेंदूत जाणवते. बोटापासून मेंदूपर्यंत गेलेली नस दोरीसारखी मध्येच कुठेही ओढली गेली, तरी मनाला ती टोकालाच ओढली असे वाटते. युक्तिवाद तल्लख होता, परंतु त्या मुलीचा उपयोग उदाहरणापुरताच झाला. तिची वेदना कशी शमवावी, हा तत्त्वज्ञाचा प्रश्न नव्हता.

खऱ्या अर्थाने हा विषय उघडला तो अमेरिकेच्या यादवी युद्धाने. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत हजारो सैनिकांचे हातपाय कापावे लागले. फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात मज्जातंतूंच्या जखमा झालेले सैनिक एकत्र ठेवले होते आणि त्यांच्यावर सायलस वेअर मिचेल हा तरुण डॉक्टर काम करीत होता. मिचेलपाशी निरीक्षणे भरपूर जमली. मात्र नसलेल्या अवयवाविषयीची पहिली हकीकत त्याने वैद्यकीय नियतकालिकात दिली नाही. त्याने कथा लिहिली. १८६६ च्या जुलैत 'अटलांटिक मंथली'त ती लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. कथानायक जॉर्ज डेडलो हा स्वतः लष्करी डॉक्टर. एकामागून एक त्याचे चारही अवयव जातात, तरी त्यांची जाणीव राहते. शेवटी तो प्रेतात्म्यांना बोलाविणाऱ्यांच्या बैठकीस जातो. तेथे ३४८६ आणि ३४८७ असे आकडे टकटकीने सांगितले जातात. लष्करी वैद्यक संग्रहालयात जतन केलेल्या त्याच्याच पायांचे ते क्रमांक निघतात. त्या अदृश्य पायांवर तो काही पावले चालतो आणि कोसळतो.

कथा मित्रमंडळींच्या हातांतून परस्पर मासिकाकडे गेली होती, असे मिचेलने पुढे सांगितले. वाचकांनी ती सत्यकथा मानली. बिचाऱ्या डेडलोसाठी लोकांनी वर्गणी गोळा केली. कित्येक जण त्याला भेटावयास फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात गेले. यातील विरोधाभास आम्हांला अजूनही अस्वस्थ करतो. प्रत्यक्ष सैनिकांनी सांगितलेले जे कोणी मनावर घेत नव्हते, ते एका काल्पनिक माणसाने सांगताच लोकांनी खिशात हात घातला. मिचेलने स्वतःच्या नावाने या विषयावर लेख लिहिला तो १८७१ साली, तोही लोकप्रिय मासिकात. 'फँटम लिंब' हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. १८७२ च्या वैद्यकीय ग्रंथात त्याने नोंदविले की त्याने पाहिलेल्या ९० पैकी ८६ जणांना गेलेल्या अवयवाची जाणीव होती.

'फँटम' म्हणजे भूत. प्रेतात्म्यांच्या बैठकी घरोघरी भरत असलेल्या काळात तो शब्द सहज सुचला असणार. आपल्याकडे त्यासाठी 'आभासी अवयव' असे म्हटले जाते. तो शब्द आम्हांला पटत नाही. अवयव नाही हे रुग्णाला पुरते ठाऊक असते. त्याच्या बुद्धीला कसलाही आभास झालेला नसतो, आणि वेदना तर खरीच असते. पाणिनीच्या व्याकरणात प्रत्ययाचा लोप झाला, तरी त्या प्रत्ययामुळे घडणारे कार्य घडतेच. शब्दात अक्षर दिसत नाही, परिणाम मात्र दिसतो. त्या न्यायाने 'लुप्तावयव' हा शब्द अधिक नेमका ठरावा. पुढे आम्ही तोच वापरू.

विल्यम जेम्सने १८८७ साली अवयव गमावलेल्या १८५ व्यक्तींकडून माहिती मिळवून निबंध लिहिला. त्यानंतरच्या अर्धशतकात मात्र या विषयाची प्रगती झाली असे म्हणवत नाही. शल्यकारांनी खुंटातील नसांच्या गाठी काढल्या, खुंट आणखी वर कापला, मज्जारज्जूतील तंतूही छेदले. बहुधा काही महिन्यांनी वेदना परत येई. मानसोपचारकांनी हा शोक आहे, नाकारणे आहे, असे निदान केले. त्यामुळे पुष्कळ रुग्ण डॉक्टरांपाशी बोलेनासे झाले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांनी अशी वेदना होते असे लिहिले, तेव्हा तिचा व्याप ध्यानात आला. पॅट्रिक वॉलसह १९६५ साली वेदनेचा नवा सिद्धान्त मांडणाऱ्या रोनाल्ड मेल्झॅकने पुढे असे प्रतिपादिले की शरीराचा आराखडा मेंदूतच असतो. जन्मतः हात नसलेल्या काहींनाही हाताची जाणीव असते, हा त्याचा एक आधार होता.

यानंतरचा अध्याय मद्रासेत वैद्यक शिकून कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या विलयनूर रामचंद्रन यांचा. १९९१ साली टिमोथी पॉन्स आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूत असे पाहिले होते, की हाताकडून संवेदना येणे बंद झाल्यावर हाताचा भाग चेहऱ्याच्या स्पर्शाने जागा होतो. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या तरुणाच्या गालाला कापसाने स्पर्श केला, तेव्हा त्याला तो लुप्त हाताच्या बोटांवर जाणवला. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. कित्येकांची लुप्त मूठ घट्ट आवळलेली असे, नखे तळव्यात रुतत आणि ती उघडता येत नसे. मूठ उघडण्याची आज्ञा मेंदू देतो, पण उघडली असे कोणतेच वर्तमान परत येत नाही. रामचंद्रन यांनी झाकण काढलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभा आरसा बसविला. धडका हात आरशापुढे ठेवून रुग्णाने प्रतिबिंबाकडे पाहावयाचे. गेलेल्या हाताच्या जागी हात दिसतो. धडकी मूठ उघडली की लुप्त मूठही उघडल्यासारखी वाटे, आणि काहींची कळ तत्क्षणी थांबे. हे प्रयोग १९९६ साली सविस्तर प्रसिद्ध झाले. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील २००७ च्या चाचणीत पाय गमावलेल्या १८ जणांचे तीन गट होते. चार आठवड्यांनी आरसा पाहणाऱ्या सहाही जणांची वेदना कमी झाली; झाकलेला आरसा दिलेल्यांपैकी एकाची, आणि नुसती कल्पना करणाऱ्यांपैकी दोघांची. संख्या लहान आहे, आणि आरशाची कीर्ती पुराव्याच्या पुढे धावते आहे अशी टीका पुढील वर्षीच झाली. ती आम्हांला रास्त वाटते.

आरशाला दुसरी मर्यादाही होती: दोन्ही हात गेलेल्या माणसाने त्यात काय पाहावे? येथे संगणक आला. मँचेस्टर विद्यापीठात क्रेग मरे आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर चढवावयाचा पडदा आणि संवेदक वापरून धडक्या अवयवाची हालचाल कृत्रिम दृश्यातील गेलेल्या अवयवाला दिली. तीन रुग्णांचा वृत्तान्त २००७ साली प्रसिद्ध झाला. तत्त्व आरशाचेच होते. त्यापुढचे पाऊल स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात मॅक्स ऑर्टिझ-कॅटलान यांनी टाकले. त्यांनी धडक्या हाताकडे पाहिलेच नाही. खुंटाच्या त्वचेवर विद्युत्‌संवेदक लावले. रुग्णाने लुप्त हात हलविण्याचा यत्न केला की खुंटातील स्नायूंत उमटणारे क्षीण संकेत संगणक ओळखी, आणि पडद्यावर रुग्णाच्याच चित्राला जोडलेला हात त्याप्रमाणे हले. पहिला रुग्ण ४८ वर्षे ही वेदना सोसत होता. त्या नसलेल्या हाताने त्याने पडद्यावर मोटारशर्यतीचा खेळही खेळला. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये १४ रुग्णांचा अहवाल आला. इतर उपाय निष्फळ ठरलेल्या या मंडळींची वेदना बारा बैठकींनंतर, मापनाच्या पद्धतीनुसार, सुमारे एक तृतीयांश ते निम्मी उतरली आणि सहा महिन्यांनीही लाभ टिकून होता. तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता, हे सांगावयास हवे.

या तंत्राला मराठीत 'आभासी वास्तव' म्हणतात. पारेपासून चाललेल्या या कथेत त्याचे वेगळेपण आम्हांला यंत्रात दिसत नाही. उपचारक रुग्णाला प्रथमच म्हणत होता, 'तो हात हलवा.' हात नाही हे पटवून देण्याचा खटाटोप तेथे संपला होता.

सिद्धान्त मात्र अजून डळमळतच आहे. शेजारचा भाग हाताची जागा बळकावतो, ही कल्पना आता संकटात आहे. टॅमर मेकिन आणि सहकाऱ्यांनी तीन व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा हात कापण्यापूर्वी आणि नंतर घेतल्या. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधानुसार हाताचा नकाशा मेंदूत जवळजवळ जसाच्या तसा राहिला होता. ओठांच्या भागाने त्यावर अतिक्रमण केलेले आढळले नाही.

सुभेदारकाका १९८९ साली गेले. त्यांच्या माजघरातील शिसवी कपाटाला पुरुषभर उंचीचा आरसा होता. त्याचा असा उपयोग तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. काकूंच्या त्या रात्रीच्या परिपाठातील एक गोष्ट मात्र हे सारे वाचताना पुन्हा आठवली. काका उशीला टेकून त्यांच्या हाताकडे एकटक पाहत असत, आणि तेवढा वेळ दिवा मालवू देत नसत. वीज गेली की काकू समोरून आम्हांला हाक मारून कंदील मागवीत. अंधारात हात फिरविला तर काकांना काही कळत नसे.