पावलीच्या वजनाचे पत्र आणि परतीचे लेबल: टपालाच्या वजनमर्यादेची गोष्ट

१/
सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत ऑनलाइन मागवलेली खोकी रोज येतात. त्यांतील काही परतही जातात. परतीच्या खोक्यावर लावायचे लेबल बहुधा विक्रेत्याच्या खर्चाने आलेले असते. मात्र त्या लेबलामागे वजनाचा एक आकडा ठरलेला असतो. खोके त्याहून जड भरले, तर फरक कोणी सोसायचा? हा प्रश्न इंटरनेटपेक्षा फार जुना आहे.

२/
आरंभी टपालाचा दर मुख्यतः अंतरावर ठरत असे. १८३७ च्या कायद्यानंतर कंपनी सरकारच्या डाकेने कलकत्त्याहून मुंबईला पत्र पाठवण्यास तोळ्यामागे एक रुपया पडे, तर कलकत्त्याहून आग्र्याला बारा आणे. सामान्य माणसाला हा खर्च परवडणारा नव्हता.

३/
त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांनी एक पुस्तिका काढून दाखवून दिले, की पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च अंतरामुळे फारसा वाढत नाही. तो वाढतो हिशेब ठेवण्यात आणि दारोदार पैसे गोळा करण्यात. म्हणून दर एकच असावा आणि तो पाठवणाऱ्याने आधी भरावा. १० जानेवारी १८४० पासून इंग्लंडमध्ये अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र एका पेनीत देशभर जाऊ लागले.

४/
हिंदुस्थानात हे तत्त्व १८५४ च्या कायद्याने आले. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून मुंबईला जावो वा पेशावरला. अर्ध्या तोळ्याला एक आणा, एका तोळ्याला दोन आणे. अंतर हिशेबातून गेले आणि त्याची जागा वजनाने घेतली. वजनमर्यादा ही स्वस्त टपालाची दुसरी बाजू आहे, ती अशी.

५/
हे वजन घरी कसे पाहावे? त्याची सोय नाण्यांतच होती. त्या काळचा चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा (सुमारे ११.६६ ग्रॅम). अधेली अर्ध्या तोळ्याची आणि पावली पाव तोळ्याची. तराजूच्या एका पारड्यात पावली व दुसऱ्यात पत्र ठेवले, की अर्ध्या आण्याचे तिकीट पुरेल की नाही, हे कळे. माप लोकांच्या हातात होते.

६/
तिकीट न लावलेल्या पत्रावर दुप्पट आकार बसे आणि तो पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. अशा पत्राला लोक ‘बैरंग’ किंवा ‘नॉटपेड’ म्हणत. येथे एक महत्त्वाची गोष्ट दिसते. बांधणारा एक आणि भरणारा दुसरा असला, की वजनाचा वाद उभा राहतो.

७/
ही मर्यादा निसर्गनियम नव्हती. त्याच अर्ध्या आण्यात १८६९ पासून अर्धा तोळा, १९०५ पासून पाऊण तोळा आणि १९०७ पासून पूर्ण एक तोळा जाऊ लागला. अर्धशतकात मर्यादा चौपट झाली. पुढे १९२२ मध्ये पत्राचा अर्ध्या आण्याचा दरच संपला. आकडा सरकार ठरवी, पण तो जाहीर असे.

८/
परतीचा खर्च दुसऱ्याने आधी भरण्याची युक्तीही टपालखात्याने लवकरच काढली. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि त्यामागून जवाबी कार्ड. दोन कार्डे जोडलेली, दोन्हींचे पैसे पाठवणाऱ्याने भरलेले. उत्तर देणाऱ्याने आपला भाग फाडून टपालात टाकायचा. परतीच्या लेबलाचा हा पूर्वज होय. येथे वजनाचा वाद नव्हता, कारण कार्डाचा आकार व कागद ठरलेला होता.

९/
वस्तूंचे मात्र तसे नव्हते. १८७७ मध्ये व्ही. पी. म्हणजे मूल्यदेय टपाल सुरू झाले: पोस्टमनला पैसे द्या आणि पुडके घ्या. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा सुरू केली. सदाशिव पेठ हा तिचा पत्ता मराठी वाचकांना पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून परिचित झाला. व्ही. पी.मुळे पेठेतले पुस्तक गावोगावी पोहोचू शकले. पण ग्राहकाने पुडके नाकारले, की ते परत येई आणि पाठवणीचे टपाल प्रकाशकाच्या अंगावर पडे. जाड ग्रंथ असेल, तर तोटाही तेवढाच जाड.

१०/
बिझनेस रिप्लायच्या लिफाफ्याने तिसरा मार्ग काढला. त्यावर परवाना क्रमांक छापलेला असतो, तिकीट लावावे लागत नाही. उत्तर कंपनीच्या दारी पोहोचल्यावर आकार कंपनी भरते. म्हणजे आधी वजन, मग पैसे.

११/
आजचे परतीचे लेबल याच्या उलट चालते. भाडे अंदाजाने आधी ठरते, वजन नंतर गोदामात होते. त्यात कुरियर ‘आकारमानी वजन’ही धरतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागण्याची पद्धत सर्रास आहे. ४० × ३० × २५ सेंटिमीटरचे खोके त्या हिशेबाने ६ किलोचे ठरते, आत एक किलोची उशी असली तरी. पावली आणि तराजू घरात होते. हा काटा ग्राहकाच्या नजरेआड आहे.

१२/
पुस्तकांसाठी टपालखात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. त्यातही मर्यादा आहेच: किमान ३०० ग्रॅम, कमाल ५ किलो. पण ती आधी सांगितलेली आहे आणि टपालघराच्या खिडकीवर वजन ग्राहकासमोर होते.

१३/
मर्यादा असणे हा अन्याय नव्हे. एकाच दरात पुणे ते पेशावर पत्र जाऊ शकले, ते मर्यादेमुळेच. अन्याय सुरू होतो तो मर्यादा न सांगता फरक कापला जातो तेव्हा. म्हणून परतीचे खोके बंद करण्यापूर्वी लेबलावरचा आकडा वाचावा, दोन मागण्यांच्या वस्तू एका खोक्यात कोंबू नयेत, आणि वाण्याच्या काट्यावर का होईना, वजन करून त्याचे छायाचित्र ठेवावे. १८५४ मध्ये पारड्यात पावली ठेवणारा माणूस याहून वेगळे काही करत नव्हता.

(समाप्त)