बुचातील लिग्निन

बूच-ओक (क्वेर्कस सुबेर) या पश्चिम भूमध्यसामुद्रिक प्रदेशातील वृक्षाच्या बाह्य सालीत, म्हणजे बुचात, असलेले ॲरोमॅटिक बहुवारिक. बुचाच्या कोशिकाभित्तींत सुबेरिन हे पॉलिएस्टर सु. ४० टक्के असते. लिग्निनाचे प्रमाण त्याच्या सु. निम्मे भरते. तरीही त्याच्या संरचनेचा उलगडा फार उशिरा झाला.

रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापातील पोकळ्यांना ‘सेल’ म्हटले. त्या पोकळ्यांच्या भित्ती कशाच्या आहेत, हा प्रश्न रसायनशास्त्राकडे शतकाहून अधिक काळाने आला. १७८७ मध्ये ब्रून्यातेल्ली यांनी बुचावर नायट्रिक अम्लाची विक्रिया करून सुबेरिक अम्ल मिळविले. पुढे शव्हरल यांनी मूळ द्रव्यास सुबेरिन हे नाव दिले आणि बुचाचे रसायनशास्त्र म्हणजे सुबेरिनाचेच, असा जणू परिपाठ पडला.

लिग्निनाचा अभ्यास दरम्यान लाकडावर होत होता. पायां यांनी १८३८ मध्ये लाकडातून सेल्युलोज वेगळे केले. क्लासोन यांनी १८९७ मध्ये लिग्निनाचा संबंध कोनिफेरिल अल्कोहॉलाशी जोडला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत ७२ टक्के सल्फ्यूरिक अम्लाने कार्बोहायड्रेटे विरघळवून उरलेला अविद्राव्य भाग लिग्निन म्हणून तोलतात. लाकडाला ती योग्य आहे. बुचाच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते, कारण सुबेरिनही मागे उरते. म्हणून प्रथम विद्रावकांनी निष्कर्षण व नंतर एस्टर-बंध तोडून सुबेरिन काढून टाकणे आवश्यक असते.

तरीही उरलेले द्रव्य खरे लिग्निन की सुबेरिनाचाच ॲरोमॅटिक भाग, हा वाद राहिला. कोलाट्टुकुडी यांच्या सुबेरिनाच्या प्रतिमानात तर लिग्निनासारखा एक ॲरोमॅटिक विभागच अंतर्भूत होता. पोर्तुगीज व जर्मन संशोधकांनी १९९६ मध्ये साबणीकरण केलेल्या बुचातून लिग्निन वेगळे करून ते मुख्यतः ग्वायासिल एककांचे असल्याचे दाखविले. २०१६ मधील विश्लेषणात या एककांचे प्रमाण सु. ८५ टक्के व सिरिंजिल एककांचे सु. १३ टक्के आढळले. त्याच वृक्षाच्या लाकडात मात्र सिरिंजिल एकके अधिक असतात. रुंदपर्णी ओकच्या बुचातील लिग्निन अशा प्रकारे सूचिपर्णी वृक्षांच्या लिग्निनाशी मिळतेजुळते आहे, ही विलक्षण गोष्ट होय. ग्वायासिल वलयावर एकच मेथॉक्सी गट असल्याने वलयातील एक जागा मोकळी राहते व तेथे कार्बन-कार्बन बंध जुळू शकतात; बुचाच्या लिग्निनात असे बंध लाकडातल्यापेक्षा अधिक आढळतात. फेरुलिक अम्लाचे एस्टर हे लिग्निन व सुबेरिन यांना जोडणारे दुवे असावेत, असे मानले जाते.