शनिवारचा शब्बाथ
४. शनिवारी बंद असलेले कॉलेज : सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे स्पायसर कॉलेज. १९१५ साली कोइंबतूरला सुरू झालेली ही संस्था पुढे बंगळुरूत वाढली आणि १९४२मध्ये पुण्याला आली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत हा पंथ शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळतो. बायबलमधल्या दहा आज्ञांत सातवाच दिवस सांगितला आहे, हा त्यांचा आधार. बाकीची बहुतेक चर्च येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार मानतात. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला खरा, पण ख्रिस्ती मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून रविवारी जमत होती. त्यामुळे रविवार निव्वळ राजाज्ञेने आला, हे म्हणणे टिकत नाही. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचा शब्बाथही शनिवारचाच, पण तो यहुदी. वाचकांनी त्याची ख्रिस्ती पंथांतल्या या शनिवार-रविवारच्या वादाशी गल्लत करू नये. — संपा.