तळटीप : उंबरखिंडीतील बंदुका

खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेवर झडलेल्या बंदुका तोड्याच्याच, म्हणजे पेटत्या वातीने बार उडवणाऱ्या, मानाव्यात. मजकुरातील ‘चकमकीची बंदूक’ हा कालविपर्यास आहे. पेटत्या तोड्याचा धूर दबा धरणाऱ्याला उघडा पाडतो, हा आक्षेप रास्त. पण तोडा दाट झाडीत ऐनवेळीही पेटवता येतो. चकमकीच्या चापाला नेमके पाणी दिलेली कमान लागते, गार झिजली की बदलावी लागते. तोड्याचा साधा चाप मात्र गावचा लोहारही नीट करी. म्हणूनच तो अठराव्या शतकातही हिंदुस्थानात टिकला. पुढे जुन्या नळीवर चकमकीचा चाप चढवलेल्या बंदुकाही झाल्या; तेव्हा संग्रहालयातील बंदुकीच्या नळीचे वय केवळ चापावरून ठरवू नये.